टँकरची खेप आणि वाहनांचे दूरमापन

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर, येलदरी येथे बांधलेले मातीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याची एकूण साठवणक्षमता ९३४ दशलक्ष घनमीटर असून पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन वीजसंच आहेत. येथून सोडलेले पाणी खालच्या अंगाला सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांच्या वाटेने परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांतील शेतीला मिळते. परभणी शहराची तहानही येलदरीच्याच पाण्यावर भागते. पावसाळ्यात पूर्णेला पूर आला म्हणजे जलाशयाची पातळी वरचेवर वाचली जाते आणि तो आकडा दूरच्या नियंत्रण कक्षाला कळविला जातो. दरवाजे किती उघडावयाचे हे ठरविणारा अधिकारी पाण्याच्या काठावर उभा असतोच असे नाही. मोजणी एका ठिकाणी आणि निर्णय दुसऱ्या ठिकाणी, अशी ही व्यवस्था आहे. या दोहोंना जोडणाऱ्या विद्येस शास्त्रीय परिभाषेत टेलिमेट्री, म्हणजेच दूरमापन, असे म्हणतात.

हेच दूरमापन आता धावत्या वाहनांनाही लागू झाले आहे. एसटीची गाडी, रुग्णवाहिका, उसाचा ट्रक, पाण्याचा टँकर, कोणतेही वाहन या क्षणी कोठे आहे, किती वेगाने चालले आहे, इंजिन चालू आहे की बंद, हे शंभर किलोमीटरवरील कार्यालयात बसून पाहता येते. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो मुख्यतः टँकरचा. कारण शासनाच्या वतीने धावणाऱ्या वाहनांपैकी ज्याच्या येण्याची वाट माणसे घागरी मांडून पाहतात, असे हे एकच वाहन आहे.

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झालेली नाही. जलाशय असतो नदीच्या खोऱ्यात, आणि वाड्या व तांडे असतात माळावर, डोंगराच्या सोंडेवर. जिंतूर तालुक्याचा बराच भाग असा उंचसखल आहे. विहिरी फाल्गुनात तळ दाखवू लागतात, चैत्रात कूपनलिका हवा ओढू लागतात आणि ग्रामपंचायतीचा ठराव तालुक्याला जातो. मे २०१९ मध्ये राज्यात सहा हजारांहून अधिक टँकर धावत होते आणि त्यांतील फार मोठा वाटा मराठवाड्याचा होता. त्याआधी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. रेल्वेची गोष्ट देशभर गाजली. टँकरची गोष्ट मात्र दर उन्हाळ्यात गावोगाव घडत असते आणि तिची नोंद लॉगबुकाच्या पानावरच राहते.

नोंदीचा जुना मार्ग

टँकर मंजूर कसा होतो, हे पंचायत सदस्यांना ठाऊक आहे. ग्रामपंचायतीचा ठराव, गटविकास अधिकारी व तहसीलदार यांची संयुक्त पाहणी आणि मग मंजुरी, असा तो क्रम. टंचाईच्या काळात ग्रामीण भागासाठी दर माणशी दररोज २० लिटर पाणी असे प्रमाण धरले जाते. मंजुरीपत्रात उद्भवाचे ठिकाण, गावाचे अंतर आणि दिवसाच्या खेपांची संख्या नमूद असते. टँकर गावात पोचला म्हणजे लॉगबुकावर वेळ लिहावयाची, गावातील जबाबदार व्यक्तींची स्वाक्षरी घ्यावयाची, आणि या नोंदींच्या आधारे पुढे देयक काढावयाचे.

ही पद्धत वाईट नाही. तिचा पाया गावकऱ्यांच्या साक्षीवर आहे, आणि तो पाया सोडता कामा नये, असे माझे मत आहे. परंतु तिच्यात एक उणीव आहे. लॉगबुक चालकाच्या आसनामागे असते आणि तालुक्याच्या कार्यालयात ते पंधरवड्याने किंवा महिन्याने येते. तोवर ज्या दिवशी टँकर आला नाही तो दिवस मागे पडलेला असतो, आणि त्या दिवशी गावाने काय केले हे कोणी विचारीत नाही. पंधरा स्वाक्षऱ्या एकाच बैठकीत, एकाच शाईने झालेल्या दिसल्या तरी सिद्ध काहीच करता येत नाही. या कारणांमुळे शासनाने टंचाईच्या टँकरवर स्थाननिश्चितीचे यंत्र, ज्याला सर्वत्र जीपीएस म्हणतात, बसविणे आवश्यक ठरविले.

येथे नियमांतील एक भेद लक्षात ठेवावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५-एच या नियमान्वये १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थान दाखविणारे यंत्र आणि संकटकाळी दाबावयाचे बटन बंधनकारक झाले. त्यातून दुचाकी, तीनचाकी व ई-रिक्षा वगळल्या आहेत. टँकर हे मालवाहू वाहन. त्यावरील यंत्र या नियमाने येत नाही. ते टंचाईविषयक शासन आदेशांनी आणि कंत्राटातील अटींनी येते. म्हणून ते यंत्र चालू आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही ज्याने टँकर लावला त्या कार्यालयाकडेच राहते.

यंत्र काय करते

पुष्कळांची समजूत अशी असते की, आकाशातील उपग्रह टँकरवर नजर ठेवून असतो. वस्तुस्थिती उलट आहे. उपग्रहाला टँकरची काहीही खबर नसते. तो आपले स्थान आणि आपल्या घड्याळातील वेळ अखंड सांगत असतो, एवढेच. टँकरमधील यंत्र ते ऐकते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांची हाक सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात जमिनीवर पोचते. हाक निघाली केव्हा आणि ऐकू आली केव्हा, यातील अंतरावरून तो उपग्रह किती दूर आहे हे यंत्र काढते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे समजली म्हणजे आपली जागा निश्चित होते. चौथा उपग्रह लागतो तो यंत्राच्या स्वस्त घड्याळातील चूक दुरुस्त करण्यासाठी, कारण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटरने चुकते. मी कला शाखेचा पदवीधर आहे. हे गणित मला एका अभियंत्याने चहाच्या दोन कपांच्या अवधीत समजावून दिले आणि ते ऐकून झाल्यावर मनगटावरील घड्याळाकडे मी जरा वेगळ्या दृष्टीने पाहिले.

जीपीएस ही अमेरिकेची व्यवस्था. मे २००० पर्यंत सामान्य वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती काढून टाकल्यानंतरच रस्त्यावरील वाहनासाठी तिचा खरा उपयोग होऊ लागला. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०१३ ते २०१६ या काळात स्वतःची उपग्रहमालिका सोडली. तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले.

जागा कळली, येथपर्यंत केवळ मापन झाले. ‘दूर’ हा शब्द सार्थ होतो तो पुढच्या पायरीने. यंत्रात मोबाइलसारखे सिमकार्ड असते. ठराविक अंतराने यंत्र एक लहानसा संदेश मध्यवर्ती संगणकाकडे धाडते. त्यात यंत्राचा क्रमांक, तारीख व वेळ, अक्षांश व रेखांश, वेग, दिशा, चावी फिरविलेली आहे की नाही, यंत्राला वाहनाच्या बॅटरीतून वीज मिळते आहे की नाही, इतक्या गोष्टी असतात. वायर तोडली तर यंत्र आपल्या छोट्या बॅटरीवर काही काळ जिवंत राहते आणि ‘वीज तुटली’ असा निरोप पाठविते. डोंगराच्या आड मोबाइलचे जाळे मिळत नसेल तर चांगले यंत्र नोंदी साठवून ठेवते आणि जाळे मिळताच एकदम पाठवून देते. त्यामुळे पडद्यावर टँकर अर्धा तास ‘गायब’ दिसला म्हणून लगेच आरोप करू नये. संध्याकाळी तीच वाट पुन्हा उघडून पाहावी. बहुधा मधले ठिपके येऊन बसलेले असतात.

खेप वाचावी कशी

एक उदाहरण घेऊ. समजा, गावाची लोकसंख्या १,८०० आहे. दर माणशी २० लिटरप्रमाणे रोज ३६,००० लिटर पाणी हवे. टँकर १२,००० लिटरचा असेल तर तीन खेपा लागतील. उद्भव गावापासून १४ किलोमीटर आहे. भरण्यास अर्धा तास, भरलेला टँकर चढावर नेण्यास पाऊण तास (बारा टन केवळ पाण्याचेच वजन असते, हे विसरू नये), गावच्या विहिरीत रिकामा करण्यास चाळीस मिनिटे आणि परतीस पस्तीस. एक खेप अडीच तासांची झाली, तीन खेपा साडेसात तासांच्या. एकंदर धाव ८४ किलोमीटर.

आता त्या दिवसाच्या लॉगबुकात पाच खेपा लिहिलेल्या आहेत आणि दूरमापनाच्या नोंदीत धाव ८४ किलोमीटरच आहे. पाच खेपांसाठी ती १४० हवी होती. अधिक काही शोधावयाची गरज उरत नाही. किंवा असे पाहा : धाव बरोबर १४० आहे, पण भरलेल्या टँकरने चढाचे १४ किलोमीटर बारा मिनिटांत कापलेले दिसतात, म्हणजे ताशी ७० किलोमीटर! त्या रस्त्यावर बारा टन पाणी घेऊन हा वेग शक्य नाही. यंत्र टँकरवरून उतरवून एखाद्या मोटारसायकलीला बांधले असावे, असा संशय घेण्यास येथे जागा आहे. वेग, थांबण्याचा काळ आणि चावीची स्थिती ही तिन्ही एकत्र वाचली म्हणजे अशी युक्ती फार दिवस टिकत नाही. केवळ किलोमीटरची बेरीज पाहणाऱ्या कार्यालयात मात्र ती उन्हाळाभर टिकू शकते.

या कामासाठी नकाशावर उद्भवाभोवती आणि गावाच्या विहिरीभोवती एकेक वर्तुळ आखून ठेवतात. त्याला आभासी कुंपण म्हणावे. टँकर पहिल्या वर्तुळात वीस-पंचवीस मिनिटे थांबला, मग दुसऱ्या वर्तुळात चाळीस मिनिटे थांबला, तर संगणक एक खेप मोजतो. वर्तुळ फार लहान आखले तर टँकर रांगेत उभा असताना तो बाहेर आहे असे दिसते. फार मोठे आखले तर शेजारून जाणारा रस्ताही त्यात येतो आणि नुसता जाणारा टँकर ‘गावात आला’ असे मोजले जाते. गावाचे अक्षांश-रेखांश कार्यालयात बसून नकाशावर बोट ठेवून घेतले असतील, तर ते वर्तुळ विहिरीऐवजी शाळेच्या मैदानावर किंवा शेजारच्या वाडीवर पडण्याचा संभव असतो. ही चूक मी प्रत्यक्ष पाहिली आहे. त्या गावात टँकर रोज येत होता आणि कागदावर मात्र तो आठवडाभर आलाच नव्हता.

अंतराच्या आकड्यातही थोडी फसगत असते. यंत्र दोन ठिपक्यांमधील सरळ रेषा मोजते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला दहा मीटर जाते. मिनिटाला एकच संदेश येत असेल तर दोन ठिपक्यांत ६०० मीटर अंतर पडते. एवढ्यात घाटातली दोन वळणे संपून जातात आणि धाव कमी भरते. याच्या उलट, उभ्या वाहनाचा ठिपका काही मीटर इकडेतिकडे हलत राहतो आणि रात्रभरात नसलेली धाव जमा होते. म्हणून चालकाच्या देयकातून दोन-तीन किलोमीटर कापण्यासाठी या आकड्याचा आधार घेणे अन्यायाचे होईल. ८४ आणि १४० मधील फरक दाखविण्यास तो आकडा पुरेसा आहे; ८४ आणि ८७ मधील फरकावर त्याची साक्ष घेऊ नये.

एका दुपारची गोष्ट

काही वर्षांपूर्वी, ऐन वैशाखात, मराठवाड्यातील एका तालुक्याच्या कार्यालयात मी माहिती गोळा करण्यासाठी गेलो होतो. त्याच वेळी एका तांड्यावरची पाच-सहा माणसे तक्रार घेऊन आली होती. टँकर रात्री दहा-अकराला येतो, अंधारात पाणी ओढावे लागते, कधी येतच नाही; दिवसा तो कोठे जातो हे आम्हांला ठाऊक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मार्गावरच्या एका धाब्याकडे त्यांचा रोख होता. टँकरचा चालकही तेथे हजर होता आणि खाली मान घालून उभा होता.

कार्यालयातील तरुण अभियंत्याने मागच्या सात दिवसांची वाट पडद्यावर उघडली. धाब्यापाशी टँकर कोणत्याही दिवशी दोन मिनिटांहून अधिक थांबलेला नव्हता. तो थांबला होता उद्भवापाशी : एके दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी साडेतीन, तिसऱ्या दिवशी सकाळी सातपासून दुपारपर्यंत. चावी बंद, वाहन वर्तुळाच्या आत. उद्भव म्हणजे अधिग्रहित केलेली एक खासगी विहीर होती आणि तिच्यावरचा पंप शेतीच्या वीजवाहिनीवर होता. शेतीची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा येते आणि काही दिवस रात्री. त्या आठवड्यात ती रात्री होती. टँकर सकाळी येऊन विजेची वाट पाहत उभा राहत होता.

हे त्या विहिरीवर उभ्या असलेल्या कोणालाही माहीत होते. चालकाने ते दोनदा सांगितलेही होते, पण चालकाचे सांगणे सबब म्हणून ऐकले गेले होते. सात दिवसांचे ठिपके समोर आल्यावर चर्चा पाच मिनिटांत संपली. विहिरीवर डिझेल इंजिन लावण्याचे ठरले आणि ते लागेपर्यंत टँकरला दुसरा उद्भव देण्यात आला. पुढे आठ दिवसांनी मी दूरध्वनी करून विचारले तेव्हा टँकर सकाळी आठ आणि दुपारी दीडच्या सुमारास तांड्यावर पोचत होता. तक्रार घेऊन आलेल्यांपैकी एक वयस्क गृहस्थ निघताना चालकाजवळ थांबले आणि त्याला म्हणाले, ‘बाबा, तुला चोर ठरवलं होतं आम्ही.’ चालक काही बोलला नाही.

तेव्हापासून या यंत्राकडे पाहण्याची माझी दृष्टी पालटली. यंत्रावर खर्च करताना आपण बहुधा चोर पकडण्याचा हेतू मनात धरतो. परंतु टँकरच्या तासांचा हिशेब पाहिला तर बराच काळ रांगेत, विजेच्या खोळंब्यात, उद्भवाचे पाणी हळूहळू झिरपून वर येण्याची वाट पाहण्यात जातो. वर दिलेल्या उदाहरणात भरण्याला प्रत्येक खेपेस एक तास अधिक लागला, तर तीन खेपांचे साडेसात तास साडेदहा होतात आणि त्याच टँकरला नेमून दिलेले दुसरे गाव कोरडे राहते. चालकाला नोटीस देऊन हा वेळ परत मिळत नाही. तो मिळतो भरण्याच्या वेळा बदलून, भरणकेंद्रावर दुसरी तोटी बसवून, दोन टँकरांची गावे आपसांत बदलून. टँकरांचा ताफा चालविणे म्हणतात ते हेच आणि त्यासाठी लागणारे आकडे रोज संगणकात येऊन पडत असतात.

जे यंत्राला दिसत नाही

यंत्राला टँकर दिसतो, पाणी दिसत नाही. टँकर पूर्ण भरला होता की अर्धा, पाणी गावच्या विहिरीत गेले की वाटेत एखाद्या शेतात, ते पिण्याजोगे होते की गढूळ, क्लोरीन टाकले होते की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ठिपक्यात नसते. टाकीत पातळी दाखविणारे उपकरण किंवा तोटीवर प्रवाहमापक बसविता येतो. पण खडबडीत रस्त्यावर पाणी हिंदकळत असताना पातळीचा आकडा स्थिर राहत नाही आणि उपकरण जितके अधिक तितकी त्याची देखभाल अधिक. म्हणूनच लॉगबुकावरील स्वाक्षरीचे महत्त्व यंत्र आल्याने कमी झालेले नाही. विहिरीवर उभ्या असलेल्या बाईला टँकर किती भरलेला होता हे पाइपाच्या आवाजावरून कळते. तिची स्वाक्षरी त्याच वेळी, त्याच जागी घेतली गेली आणि ती वेळ दूरमापनाच्या वेळेशी जुळली, तर खेप सिद्ध झाली असे मानावे. दोहोंपैकी एकच असेल तर चौकशीस जागा आहे.

ज्या वाहनात माल नसून माणूस असतो, तेथे हीच विद्या थोड्या निराळ्या रीतीने उपयोगी पडते. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. दूरध्वनी आल्यावर सर्वांत जवळची मोकळी रुग्णवाहिका कोणती, हे नियंत्रण कक्षाला वाहनांच्या स्थानावरूनच समजते. राज्य परिवहन महामंडळानेही २०१९ पासून गाड्यांवर मागोवा यंत्रणा बसविण्यास आरंभ केला. निजामाच्या राज्यात १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनी शासकीय बससेवा सुरू झाली. तेव्हापासून गाडी सुटल्याची आणि पोचल्याची वेळ स्थानकावरच्या नोंदवहीत लिहिली जाते. पण दोन स्थानकांमधल्या चाळीस किलोमीटरांत तिचे काय झाले, हे वाहक परत येऊन सांगेल तेव्हाच कळत असे. शाळा सुटल्यावर फाट्यावर उभ्या असलेल्या मुलींना गाडी बिघडली आहे की वीस मिनिटांत येणार आहे, हे कळणे ही लहान गोष्ट नव्हे. शिक्षक बंधुभगिनींना हे अधिक सांगावयास नको.

एका गोष्टीचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. सतत मोजला जाणारा चालक हा माणूस आहे. यंत्र कशासाठी बसविले आहे, त्यात काय नोंदले जाते, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे आणि त्याच्याविरुद्ध वापरावयाची नोंद आधी त्याला दाखविली पाहिजे. जेवणाची अर्धा तासाची सुट्टी ‘अनधिकृत थांबा’ म्हणून लाल रंगात दाखविणारी संगणकप्रणाली मी पाहिली आहे. प्रणाली बनविणाऱ्याने जेवणाचा विचार केला नव्हता. कार्यालयानेही तो केला नाही, आणि चालक वैशाखातल्या दुपारी स्टिअरिंगवर बसूनच भाकरी खाऊ लागला.

पंचायतीने काय मागावे

टँकर मंजूर झाल्यावर ग्रामपंचायतीने काही गोष्टी स्वतःहून कराव्यात. ज्या विहिरीत वा टाकीत पाणी ओतले जाणार आहे, तिथे उभे राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्यावेत आणि ते पंचायत समितीला लेखी कळवावेत. टँकरचा नोंदणी क्रमांक, क्षमता, उद्भवाचे ठिकाण आणि मंजूर खेपा ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहाव्यात. लॉगबुकावर स्वाक्षरी करणाऱ्यांनी वेळ स्वतःच्या हाताने लिहावी. कोऱ्या रकान्यावर सही करू नये. ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना गाव अजून ग्रामसेवकच म्हणते, यांनी दर आठवड्याला लॉगबुकाच्या पानाचे छायाचित्र आपल्याकडे ठेवावे. दूरमापनाच्या नोंदी हा शासकीय अभिलेखाचा भाग असल्याने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये त्या मागता येतात, त्यांची पाहणी करता येते. परंतु अर्ज करण्याची वेळ येण्यापूर्वीच आठवड्याची एकपानी नोंद गावाला पाठविण्याचा पायंडा तालुक्याने पाडला, तर उत्तम.

तालुक्याच्या कार्यालयाकडून अपेक्षा एवढीच की, कोणीतरी एकाने रोज सकाळी अर्धा तास मागच्या दिवसाची वाट पाहावी. नेमून दिलेल्या खेपांपेक्षा कमी खेपा झालेली गावे कोणती, सर्वांत जास्त वेळ कोठे गेला, कोणत्या यंत्राचा संदेश थांबला आहे, हे तीन प्रश्न विचारावेत आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत संबंधित गावाशी बोलावे. महिन्याच्या अखेरीस देयकाबरोबर जोडण्यासाठी नोंदींची प्रत काढली आणि तोपर्यंत कोणी पडदा उघडलाच नाही, असेही घडते. तेव्हा त्या नोंदींतून देयकाची छाननी होते, पण ज्या दिवशी पाणी आले नाही तो दिवस निघून गेलेला असतो.

टंचाईचा आराखडा ऑक्टोबरपासून जून अखेरपर्यंतच्या काळासाठी तयार होतो. गावांचे अक्षांश-रेखांश तपासणे, उद्भवावरील विजेच्या वेळा वीज कंपनीकडून घेणे आणि मागील उन्हाळ्याच्या नोंदींवरून प्रत्येक गावाच्या खेपेला खरोखर किती वेळ लागला हे काढणे, ही तिन्ही कामे हिवाळ्यात, टँकर रस्त्यावर येण्यापूर्वी, करता येण्यासारखी आहेत.